मिर्को आणि हसन यांच्या निरोपांची व्यवस्था

मी, बाबुराव सोनबा ओव्हाळ, वय ७९, निवृत्त वेल्डर, राहणार कसबा पेठ, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकण्यापुरतेही कोणी घरी फिरकत नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहत्या दोन खोल्या मुलगी आम्रपाली व मुलगा अनिरुद्ध यांना समान हिश्श्याने द्याव्यात. मधे भिंत घालू नये.

२. वेल्डिंगचे सामान शेजारच्या रतनला द्यावे. गॉगल तो आधीच घेऊन गेला आहे, तोही त्याचाच समजावा.

३. माझ्या मोबाइलमधले दोन नंबर ही खरी मिळकत. १९८२ साली इराकमध्ये धरणाच्या कामावर मिर्को व हसन माझ्या खोलीत होते. दोघे युगोस्लाव्हियातल्या झाब्लित्सा गावचे. गाव नदीच्या दोन्ही काठांवर, मधे पूल. पुढे तिकडे युद्ध झाले, पूल पडला, देशही गेला. पूल नवा बांधला. समोरासमोरच्या काठांवर राहणाऱ्या या दोघांचे बोलणे मात्र बंदच राहिले. मिर्कोच्या इतिहासाप्रमाणे पूल त्याच्या पूर्वजांनी बांधला व पलीकडच्यांनी पाडला. हसनचा इतिहास शब्दशः हाच, फक्त काठ वेगळा. असे इतिहासकार आपल्या पेठांतही मुबलक असल्याने मला परके वाटले नाही.

तरी हसनच्या खिडकीत दोन दिवस दिवा दिसला नाही, की मिर्को मोडक्या इंग्रजीत मला मेसेज करतो, "तो बरा आहे का, विचार." मी हसनला विचारून मिर्कोला कळवतो. अंतर दोनशे पावले, निरोप कसब्यावरून.

४. आम्रपाली वाघोलीला असते, अनिरुद्ध हिंजवडीला. आम्रपालीच्या मुलीच्या, स्वरालीच्या, लग्नपत्रिकेत सख्ख्या मामाचे नाव चुलतमामांच्या खाली छापले गेले. तेव्हापासून चार वर्षे भावंडांचा अबोला. अनिरुद्ध फोनवर म्हणतो, "बाबा, ताईचं बीपी कसं आहे? मी विचारलं म्हणून सांगू नका." तिचेही फोन असेच. मला याचा फार त्रास होतो. मी गेलो की ही चारही माणसे एकमेकांना मुकतील.

५. म्हणून मिर्कोचे निरोप अनिरुद्धने व हसनचे आम्रपालीने घ्यावेत, आणि ते एकमेकांना फोन करून तोंडी सांगावेत. मेसेज चालणार नाही.

६. ही व्यवस्था मी मिर्को व हसन यांना कळवून संमती मागितली. दोन्ही काठांवरून एकाच दिवशी, एकच उत्तर आले: "सख्खी भावंडं बोलत नाहीत? कसली माणसं आहेत तुमच्याकडे?"

ही संमती समजावी.

वरील मजकूर दोनदा वाचून, साक्षीदारांसमोर सही केली.

बाबुराव सोनबा ओव्हाळ
साक्षीदार: १. मुनव्वर तांबोळी २. रंगराव शेलार
पुणे, ९ नोव्हेंबर २०२५