बाबांच्या हिरवळीची माती

आई,

तुला उठवलं नाही. बाबांच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्यात, चहाआधी दे. मैदानाकडची खिडकी आज उघडू नकोस आणि पंखा मोठा ठेव, म्हणजे त्यांना यंत्राचा आवाज ऐकू जाणार नाही.

क्लब टेनिसची हिरवळ उकरून तिथे प्लास्टिकचं गवत घालतोय. आज सकाळीच काम सुरू होतंय. मला काल संध्याकाळी सांगितलं, तेही जाता जाता. मी म्हटलं, बाबांचं काम हाती घेतल्यापासून रासायनिक खत बंद करून कंपोस्ट आणि समुद्री शेवाळाचा अर्क देत देत आत्ता कुठे त्या मातीत जीव आलाय, गांडुळं परत आलीत, मुळं वीतभर खाली गेलीत. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, गांडुळं बघायला सभासद येत नाहीत." त्यांच्याबरोबरचे सगळे हसले.

आता जाऊन काही होणार नाही, ठाऊक आहे. तरी जाते. उकरताना घरचं कोणीतरी जवळ असावं. जेवायला माझी वाट बघू नकोस.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांनी उभा जन्म त्या हिरवळीवर घातला. काल दुपारी, हे कळायच्या आधी, मी त्यांना दाखवायला तिथली मूठभर माती आणली होती. त्यांनी कितीतरी वेळ वास घेतला आणि म्हणाले, "आता जमलं गं. पुढच्या वर्षी बघ कशी येते ती." रात्री जेवताना पुन्हा तेच म्हणाले. मी हो म्हटलं.

तूही हो म्हण.

धाकटी