बाबांनी मावरं सोडलं

११ फेब्रुवारी, बुधवार

बुधवार असूनही बाबा, म्हणजे माझे सासरे, आज परत माझ्याबरोबर मटकीच जेवले! दिवाळीपासून हे असंच चाललंय. खाडीकाठच्या गव्हाण गावात जन्मलेला माणूस. मावरं नसेल तर "आज जेवन नाय काय?" असं विचारणारा. (मासे म्हणायचं नाही. मावरं. लग्नानंतर शिकलेला पहिला शब्द.) तो समोर बसून मटकीचा एकेक दाणा चावत होता आणि चेहरा सुतकातला.

नवस आहे म्हणे, गणपतीपुळ्याच्या गणपतीला. कसला ते सांगत नाहीत. सांगितला तर फळत नाही. माझ्या नवऱ्याला, केतनला वाटतं, जासईच्या गाळ्याला भाडेकरू मिळावा म्हणून असेल. नणंदबाई हेतल यांची खात्री आहे की त्यांच्या स्कूटीसाठी आहे. शेजारच्या काकी नुसत्या माझ्या पोटाकडे बघून हसतात. हसा!

सासूबाईंचंही बिनसलंय. चहाला शिवत नाहीत. पित्त झालं म्हणतात. उठल्यापासून बशीवर बशी फुरकणारी बाई कोकम सरबत पितेय. मधेच मला म्हणाल्या, "खारघरला पानी येतं का गो चोवीस तास?" सहजच. मी ऐकलंच नाही असं दाखवून कुकर लावला!

कारण खारघरचा, बेलपाड्याजवळचा फ्लॅट आम्ही पक्का केलाय. भाड्याने, मार्चपासून. घरात कुणाला पत्ता नाही. केतन रोज सकाळी म्हणतो, आज बाबांना सांगतो. रोज संध्याकाळी म्हणतो, आज बाबांचा मूड नव्हता. मटकी खाऊन कुणाचा मूड असेल?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवार. मागच्या शेडमध्ये बोंबील.

इथेच लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगू? मला खारघर हवंय असं नाही, मला हे नकोय. मी वाईची, माळकऱ्यांच्या घरातली. मासे खात नाही, हे मुलगी बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं. पण म्हणून मावऱ्याच्या दिवशी सगळं घर मागे शेडमध्ये, चुलीपाशी, आणि मी पुढे टीव्हीसमोर एकटी! मागून हसण्याचे आवाज येतात. काटे काढता काढता गावभरच्या गोष्टी होतात. मी जाहिराती बघते. पाहुणीसारखी. चार वर्षं पाहुणी!

हल्ली बाबा असतात सोबतीला. पण त्यांचं सगळं लक्ष मागच्या दाराकडे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

घोटाळा झाला.

केतनच्याने होणार नाही हे कळलं, म्हणून म्हटलं आपणच बोलावं. आणि त्यांच्याच भाषेत बोलावं, म्हणजे लागणार नाही. गच्चीवर वाळलेले कपडे काढताना तालीम करत होते, मोठ्याने, चादरीकडे बघून — "बाबा, आमाला इथं रावाचं नाय." चादर बाजूला केली तर पलीकडे बाबा! टाकीत डोकावत होते. 

बाबा हसले. चक्क हसले! धावत (गुडघे दुखतात ना?) खाली गेले आणि जिन्यातूनच सासूबाईंना ओरडले, "भामा! नवस फललाय! पुल्याला जावाचं!"

केतनला सांगितलं तर कपाळावर हात मारून बसला. "अगं, त्यांचा डावा कान गेलाय. तू म्हणालीस नाय, त्यांनी ऐकलं हाय! आमाला इथं रावाचं हाय!"

म्हणजे नवस हा होता. आम्ही इथंच राहावं, हा. माझ्यासाठी त्या माणसाने दिवाळीपासून मावरं सोडलंय. आणि मी फ्लॅटच्या पडद्यांची मापं घेऊन बसलेय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ फेब्रुवारी

तिकिटं आली. शनिवारी मांडवी एक्सप्रेस, पनवेलहून. बाबा गल्लीभर सांगत सुटलेत. केतन म्हणाला, गाडीत नक्की सांगतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार. गणपतीपुळे

पाय तुटलेत. तरी लिहिते.

पनवेल स्टेशनवर पाच माणसं, नऊ डाग. एका पिशवीत फक्त नारळ. मी म्हटलं, कोकणात जातोय ना, तिथे नारळ मिळतील. सासूबाई म्हणाल्या, "ते त्यांचे. हे आपले." मी पिशवी उचलली.

केतनने जाहीर केलं होतं, रोहा गेलं की सांगतो. रोहा गेलं. मग म्हणाला, पहिला बोगदा गेला की. त्या रुळांवर बोगद्यांना काय तोटा! प्रत्येक बोगद्यात शिरताना छाती काढायचा आणि बाहेर पडला की खिडकीतून बघायचा. मी चिमटे काढून दमले.

चिपळूणला समोरच्या सीटवर एक आजी आल्या. त्यांनी डबा उघडला. तळलेली सुरमई! बाबांची नाकपुडी आधी हलली, मग मान, मग सगळे बाबा.

"कुठली?"

"हर्णैची."

"बरफातली?"

"बरफातली खाऊ मी? सकाळची हाय!"

बाबांनी डोळे मिटून "गणपती बाप्पा मोरया" म्हटलं आणि उठून दारापाशी जाऊन उभे राहिले. आजींनी मला विचारलं, "यांना गाडी लागते का?"

आणि मग करबुड्याचा तो लांबच लांब बोगदा. बाबा जागेवर येऊन बसले होते. अंधार, धडधडाट, कुणाचं कुणाला ऐकू येईना — तेवढ्यात केतन डाव्या कानाशी वाकून ओरडला, "बाबा, आम्ही खारघरला चाललोय!" उजेड आला तेव्हा बाबांनी हातातला बटाटेवडा त्याच्यापुढे धरला होता. "घे ना. ओरडतस कशाला?"

खाल्लान! माझ्या नवऱ्याने तो वडा खाल्लान आणि मला म्हणाला, "मी सांगितलं हं."

देऊळ मात्र काय सुंदर! समुद्र अगदी पायरीला. तिथे डोंगर म्हणजेच देव, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला. बाबा पुढे, गुडघेबिडघे विसरून. हेतल उलटी चालत व्हिडिओ काढत होती, ती एका गाईवर आपटली. गाईने तिच्याकडे असं बघितलं की शेवटी हेतलच सॉरी म्हणाली.

गाभाऱ्यासमोर बाबांनी हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी. माझ्याही. त्यांचं आनंदाचं, माझं लाजेचं. सासूबाईही बराच वेळ काहीतरी पुटपुटत होत्या. बाहेर सगळ्यांनी चहा घेतला. त्यांनी नाही.

केतन म्हणतो, उद्या दर्शनाचा थकवा उतरला की सांगतो. मी पाठ फिरवून झोपणार आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार. परतीच्या गाडीत

अक्षर वाकडं येतंय. गाडीमुळे नाही, हसून.

दुपारी स्टेशनकडे येताना रिक्षावाल्यांनी एका घरगुती खानावळीपाशी सोडलं. बाबांचा मावऱ्याचा उपास सुटणार! पापलेट, कोळंबी, तिसऱ्या. मला अळूचं फदफदं आणि भात. ताटं आली. बाबांचा हात ताटावर, आणि सासूबाई म्हणाल्या, "आवो, कीर्ती हाय ना! उठा, त्या कोपऱ्यात बसूया." चौघंही ताटं उचलून निघाली! केतनसुद्धा! खानावळीतही मी एकटी, अळूसमोर.

माझा पारा चढला. सगळी खानावळ ऐकेल असं ओरडले, "इथे तरी बसा ना माझ्याजवळ! काय केलंय मी?"

सासूबाई ताट हातात घेऊन तशाच उभ्या. "अगो, तूच बोल्लीस ना, पोरगी बगाला आलो तवा? मासे चालत नाहीत."

"म्हणजे मी खात नाही! तुम्ही खाल्लेले चालतात! वास चालतो! काटे चालतात! सगळं चालतं!"

गल्ल्यावरचा माणूससुद्धा उठून बघायला लागला. बाबा खाली बसले. माझ्याच टेबलावर. हळूहळू म्हणाले, "भामा, मंग आपन चार वरसं त्या शेडमंदी डास मारत कशाला ज्येवलो?"

एवढ्यात केतनला वाचा फुटली. चुकीच्या वेळी, नेहमीसारखी. "बाबा, आम्ही खारघरला फ्लॅट घेतलाय भाड्याने!"

"मना ठावं हाय."

"तुम्हाला... कसं?"

"गच्चीवर ऐकला ना मी. रावाचं नाय. बरोबर ऐकला. उजवा कान व्हता तिकडं."

मी रडायच्या बेतात. "मग नवस? फळला म्हणालात ना?"

बाबा ताटातल्या पापलेटकडे बघत राहिले. कान लाल. "नवस केलता... माज्या घरात, माज्या ओट्यावर मावरं शिजू दे. म्हटला, तुमी दोगं हौसेनं वायली झालात तरच व्हईल. तुला कसा सांगाचा? तू गुनाची पोर. म्हनून देवाला सांगितला."

म्हणजे आम्ही वेगळं होऊन जावं म्हणून! मावरं मिळावं म्हणून माणसाने मावरं सोडलं! मी आधी चिडले, खरंच चिडले. मग त्या शेडमधले डास आठवले आणि असं हसू फुटलं की अळू नाकात गेलं. सासूबाई पाठीत थापट्या मारत होत्या आणि स्वतःच हसत होत्या. बाबांनी पापलेटचा काटा काढून तुकडा सवयीने शेजारी, म्हणजे माझ्या ताटाकडे धरला, मग जीभ चावून हेतलला दिला.

जेवण संपेपर्यंत बसलो. सगळे, एका टेबलावर. मला घरी आल्यासारखं वाटलं, रत्नागिरीत!

चिपळूण आलं. केतनला म्हटलं, उद्या सकाळी फ्लॅटच्या मालकाला फोन कर, येत नाही म्हणावं. म्हणाला, बोगदा गेला की करतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

फोन मीच केला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सासूबाईंनी स्वतःहून चहा मागितला. तीन बशा फुरकल्या. म्हटलं, आई, पित्त? तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "फोटो बगितलेले मी फ्लॅटचे, केतनच्या मोबाईलमंदी. तवापासून चहा सोडलेला. आता परत पुल्याला जावाला लागंल. यांना बोलू नको — त्यांचा नवस येगला व्हता, माजा येगला."