जलकुंभीचा गरम ढीग

४ जाने.
गेल्या आठवड्यात वाऱ्यानं जलकुंभी पुन्हा तलावाच्या पाळीला लागली. मी अन् गावातल्या शेवंताबाईनं ओढून काढली. खतासाठी थर जलकुंभीचा, थर भाताच्या तणशीचा, वर शेणकाला. मधोमध लोखंडी सळई. आज संध्याकाळी ओढली तर हातात धरवेना. ढीग असाच तापला पाहिजे. कोणी शिकवलं नाही, करून शिकलो.

९ जाने.
रानडुकरांनी ढिगाची कड उकरली. गांडुळांसाठी. शेवंताबाई म्हणते, "गावाकडं न्या भाऊ, इथी जंगल लागून आहे." पाणी इथं, जलकुंभी इथं, अन् ढीग गावात काऊन? बोरीचे काटे लावले.

१३ जाने.
डुकरं बंद. काटे लागू पडले. तिला सांगितलं तर हसली. "काट्याले भेत नाई डुकरं. दुसऱ्या कोणाले भ्याले असतीन."

१६ जाने.
ढिगाच्या माथ्यावर खळगा. तणीस दबलेली, माणूस आडवा व्हावा त्याहून लांब. कुत्रं असेल म्हणालो. तणशीत पिवळे केस, थोडे काळे. खाली चिखलात पंजा. माझा तळहात त्यात मावला.
थंडी आहे. ढीग गरम आहे. डुकरांमागं आला, निजायला राहिला.
शेवंताबाई घमेलं घेऊन उभी. मग म्हणे, "माह्या वांग्याले खत कवा भेटन, तेवढं सांगा."

१७ जाने.
फॉरेस्टचा गार्ड : "तुम्हीच वाघाले गादी घालून देली भाऊ." जिव्हारी लागलं. दुपारी गावकरी टिन वाजवत गेलो, ढीग फोडला, पाणी ओतलं. केवढी वाफ. इतका सुरेख ढीग पुन्हा जमायचा नाही.

२१ जाने.
शेवंताबाईचं घर गावाच्या टोकाला. मागं कूड, कुडापलीकडं झुडपी जंगल. कुडाला लागून ढीग! फोडलेलं सगळं नवऱ्यानं बैलबंडीनं आणलं. थर बरोबर. शेणकाला बरोबर. सळईसुद्धा.
"तुमीच शिकवलं ना भाऊ. वाया जात होतं."
सळई ओढली. धरवली नाही.
म्हटलं, आजच मोडा. नवरा म्हणे, "घरापाशी कोण येते जी?"

२३ जाने.
तिच्या ढिगाची कड उकरलेली. डुकरंच. पुन्हा म्हटलं, मोडा. ती बोरीचे काटे लावत होती, मी लावले तसेच.

२६ जाने.
सकाळी हापशीवर भेटली. खुशीत. "तुमचे काटे लागू पडले भाऊ. डुकरं येतच नाई आता."
टिन अन् फावडं घेतलं. निघतोय. या वेळी विचारणार नाही.