बॉनेट तिसऱ्या मजल्यावर

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. पाय समोर नव्हते म्हणून कागदालाच केला, पोचला असं समजून घ्या. ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या असूनही तुम्ही नर्सबाईंना पावलांवरून ओळखून सूचना देता म्हणे, म्हणजे प्रकृती उत्तम आहे. पत्र मामी वाचून दाखवतीलच. (मामी, कंसातलं फक्त तुमच्यासाठी. मोठ्याने वाचू नका. इथे थोडं खोका आणि पुढे जा.)

गाडीची काळजी नसावी. नजर अधू झाली तेव्हा तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवून "जपशील ना रे?" एवढंच म्हणालात. मला तेव्हाच भरून आलं होतं. आता पट्टी निघाली की आधी गाडी बघणार, मग डॉक्टरांचं तोंड, असं तुम्ही सगळ्यांना बजावलंय. तेव्हा मी ठरवलं की गाडी अशी चकाकली पाहिजे की मामांनी पुन्हा डोळे मिटून घ्यावेत. गाडी सुखरूप आहे. (गाडी खाली अंगणात आहे. बॉनेट तिसऱ्या मजल्यावर, आमच्या जेवणाच्या टेबलापाशी आहे. सांगतो, धीर धरा.)

रंग नुसता धुऊन उजळत नाही, त्याला पॉलिशचं यंत्र लागतं. ते आणायला गेलो आणि फसलो, कारण यंत्रं दोन जातींची निघाली. एक जागच्या जागी गरगर फिरतं. काम झटपट, पण आपण शिंकलो की रंग जाळून थेट पत्र्यापर्यंत पोचतं. दुसरं फिरता फिरता डुलतं. ते गरीब स्वभावाचं, रंगाला इजा करत नाही, पण काम संपेपर्यंत माणूस निवृत्त होतो. मी तिघांचा सल्ला घेतला आणि तिथेच चुकलो. ऑफिसातले साहेब म्हणाले, डुलणारं घे. दाताच्या डॉक्टरांनी गरगरणाऱ्याची बाजू घेतली, तीही माझ्या तोंडात दोन हत्यारं असताना, त्यामुळे मला वाद घालता आला नाही. सासरेबुवांना दोन्ही पसंत नव्हती. त्यांना मी पसंत नाही, तिथे यंत्राचं काय घेऊन बसलात!

शेवटी दुकानदाराने कंटाळून दोन्ही यंत्रं घरी नेऊन वापरून बघायला दिली. मी म्हटलं, मामांच्या गाडीवर प्रयोग नको, आधी घरच्या वस्तूंवर हात बसवू. तसा तो छान बसला. (गरगरणारं फ्रिजवर चालवलं. आधी कंपनीचं नाव गेलं, मग रंग गेला, मग दार गरम झालं आणि आतलं दूध नासलं. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे वर आले आणि आमच्याशी कायमचे बोलायचे थांबले.) डुलणारं कपाटावर चालवलं. संध्याकाळभर हातांना मुंग्या आल्या, पण कपाट आहे तसंच राहिलं. बायकोने ते बघून निकाल दिला, की हेच घ्या. तुमच्यासारखं आहे, हलतं फार, सरकत काही नाही, पण निदान कुणाचं नुकसान करत नाही. इतकं कौतुक तिने लग्नानंतर पहिल्यांदाच केलं, म्हणून तेच घेतलं.

मग काम सुरू केलं आणि निर्विघ्न पार पडलं. (कसलं निर्विघ्न! यंत्राची वायर खाली पोचेना. खालच्यांच्या घरातून वीज घ्यावी तर ते बोलत नाहीत. जास्तीची वायर जोडावी तर यंत्राचा जोर जातो, असं दुकानदाराने बजावलेलं. म्हणून मी बॉनेटच काढलं, गादीत गुंडाळलं आणि दोराने बाल्कनीतून वर घेतलं. बघायला गर्दी जमली. कुणीतरी विचारलं, कुणी आजारी आहे का? आता बॉनेट असं लखलखतंय की बायको त्यात बघून केस विंचरते आणि सासरेबुवा दाढी करतात. खाली इंजिनवर मांजर झोपतं. उतरवताना ओरखडा पडेल या भीतीने बॉनेट अजून वरच आहे. पण मामी, खरी गंमत पुढेच! त्यावरचा तो जुना लांबलचक ओरखडा आठवतो? घासून घासून साफ केला! नामोनिशाण नाही. मामांना आधी सांगू नका, थक्क होऊ देत.)

तब्येतीला जपा. डोळे चोळू नका.

तुमचा,
भाचा

ता. क. १ : (मामी, डॉक्टरांना सांगून पट्टी आणखी आठ दिवस ठेवता येईल का? मला दोर धरायला माणसं मिळेनात.)

ता. क. २ : पत्र पाकिटात घालतच होतो, तेवढ्यात मामा, तुमचाच फोन आला. पट्टी आज निघाली, पेपर स्वतः वाचलात आणि परवा इकडे येताय. फार आनंद झाला. खरंच झाला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे आता हे पत्रही तुम्हीच वाचणार. फाडून नवं लिहिणार होतो, पण एवढं खोटं दुसऱ्यांदा लिहायची हातात ताकद नाही. तेव्हा कृपा करून कंस वगळून वाचा.

ता. क. ३ : वगळले नसतीलच. मामा, फोनवर तुम्ही म्हणालात, की लग्नाच्या पहिल्या वर्षी मामी भांडून माहेरी निघाल्या आणि जाता जाता बॉनेटवर किल्ली ओढून गेल्या. त्या परत आल्या, पण तो ओरखडा तुम्ही कुणाला बुजवू दिला नाही, आणि आल्याबरोबर आधी त्यावरून बोट फिरवणार आहात. मी "हो, हो" म्हणालो आणि फोन ठेवून बॉनेटवर ओरखड्याची जागा शोधू लागलो.

मामी, ती किल्ली अजून असेल तर येताना घेऊन या. बॉनेट टेबलापाशी तयार आहे. आणि जमलं तर वाटेत मामांशी थोडं भांडून या.