दाढीवाल्याचं काय झालं

दि. ९, गुरुवार, संध्याकाळ

प्रिय दादा,

नमस्कार, वहिनीलाही सांग. आई बरी आहे. गुडघा तिचं ऐकत नाही आणि ती डॉक्टरचं ऐकत नाही, तेव्हा फिटंफाट. जिन्यावरचा दिवा गेला होता, तो मी बदलला.

पत्र पाहून तू म्हणशील, फोन काय मेला का? मेला नाही. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. मेसेज केला तर तू वाचलास हे मला दिसतं, आणि उत्तर येईपर्यंत मी फोन खाली ठेवत नाही. पत्र कधी वाचलं गेलं हे कळत नाही, तेवढंच बरं. शिवाय नववीत शाळा सुटली म्हणून मी काही अक्षरशत्रू नाही. तीनदा कच्चं लिहिलं, आता शब्दकोश शेजारी ठेवून पक्कं करतोय. कुठे खाडाखोड दिसली तर ती चूक समजू नकोस, शब्द बदलावासा वाटला असेल.

तुझा मेसेज मंगळवारी दुपारी आला. "आठ दिवसांची रजा मिळाली. सोळाला येतो. आपला दाढीवाला तयार ठेव, गेममध्ये दणका उडवू. पासवर्ड पाठव." मी तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासत होतो. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून उजव्या डोळ्याचा नंबर डाव्या काचेत गेला. बाई चष्मा लावून दाराबाहेर पडल्या आणि तशाच आत आल्या. "अहो, तुमची पायरी वर आली!" चष्मेवाले काका गिऱ्हाइकांदेखत मला म्हणाले, "काय रे, प्रेमात पडलायस की खड्ड्यात?" मी म्हणालो, "सर्दी झालीय." सर्दीने काचा उलट्या कशा बसतात, हे त्यांनी विचारलं नाही. भला माणूस आहे.

पासवर्ड मी अजून पाठवलेला नाही. गेमचं खातं तुझ्या नंबरावर आहे, दाढीवाला तूच त्यात घडवलेला. 'पासवर्ड विसरलो' दाबलंस की नव्याने उघडायचे आकडे तुझ्याच फोनवर येणार, हे मला माहीत आहे. तीन दिवस झाले, नेट तुटून गेमने मला बाहेर फेकलं की वाटतं, दादा आत शिरला.

म्हणून तू शिरण्याआधी सांगतो. दाढीवाला आता नाही.

मेला नाही, मी तो कुणाला देऊनही टाकला नाही. नोकरीला गेलास तेव्हा माझ्या पाठीत थाप मारून म्हणालास, "सांभाळ रे याला, आपल्या घरात एवढाच एक मर्द आहे." आई हसली होती. मी सांभाळला. वर्षभर तुझी कुऱ्हाड घेऊन त्या जंगलांतून फिरलो. मग एका मोहिमेत रूप बदलायची कुपी मिळाली. ती प्यायली की चेहरा, बांधा, सगळं नव्याने घडवता येतं. मी नुसतं बघायला म्हणून उघडली.

दुकानात गिऱ्हाईक नवी फ्रेम लावून आरशात बघतं आणि म्हणतं, "हा मी वाटतच नाही." काकांचं उत्तर ठरलेलं, "दोन दिवस लावा, सवय होईल." माझं उलटं झालं. पडद्यावर एक बाई उभी होती. जराशी बुटकी, आखूड केसांची, नाक माझ्यासारखंच. तिची सवय करावी लागलीच नाही. सवय मला रोज सकाळी दाढी करताना करावी लागते.

ती वैद्य आहे. लढत नाही. मागे उभी राहून सगळ्यांच्या जिवाच्या पट्ट्या बघते, कुणाची खाली आली की भरून काढते. आमच्या टोळीत बावीस खेळाडू आहेत, ते तिला वैद्यबाई म्हणतात. "वैद्यबाई, लक्ष असू द्या, मी शिरतोय!" असं माझ्या भरवशावर या गल्लीत कुणी कुठे शिरलेलं नाही. दोन वर्षं झाली, रोज सात ते नऊ.

तुझी कुऱ्हाड पेटीत आहे. दर महिन्याला धार लावतो.

दि. १०, शुक्रवार, दुकान उघडण्याआधी

काल इथेच थांबलो. पुढचं लिहायचं नव्हतं.

टोळीत एक तिरंदाज होती. भारी थट्टेखोर. "बाई, तुमच्या औषधापेक्षा मरण बरं," म्हणायची, आणि जखमी झाली की आधी माझ्याकडेच पळत यायची. गेल्या महिन्यात चुकून तिचा माइक उघडा राहिला. एक पुरुष खोकला आणि घरात कुणाला तरी म्हणाला, "दार ओढून घे ना." बस, एवढंच. टोळीच्या म्होरक्याने लिहिलं, "अरे, ही तर दाढीवाली निघाली!" त्यानंतर जे लिहिलं गेलं ते मी कागदावर उतरवणार नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या माणसाचा फोटो आणि कामाचा पत्ता शोधून काढला, आणि सगळं त्याच्या मालकाला पाठवलं. तिरंदाज पुन्हा आली नाही. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका अठ्ठावीस दिवस विझलेला आहे. मी रोज बघतो.

ते लिहीत होते तेव्हा सगळे हसत होते. जो हसला नसता त्याच्याकडे लक्ष गेलं असतं. मीही हसरा चेहरा पाठवला. एक नाही, तीन.

असं हसायची सवय मला आधीपासून होती. मागच्या खेपेला जेवताना तू तुमच्या कारखान्यातल्या पॅकिंगवाल्याची नक्कल केलीस. त्याची चाल, त्याचं मान वेळावणं. "शेवटी नोकरी सोडून पळाला बिचारा," म्हणालास. आई हसली, वहिनीला ठसका लागला, आणि सगळ्यात मोठ्याने मी हसलो. तू म्हणालास, "बघा, आपला मुखदुर्बळही हसला!" तेव्हापासून मला तुझी भीती वाटते. तू मारशील याची नाही. कुठेतरी जेवायला बसून माझी नक्कल करशील, याची.

मी काय आहे, हे विचारू नकोस. शब्दकोशात जे शब्द सापडले त्यांतला एकही मला बसत नाही.

माझ्याकडे आणखी एक कुपी आहे. या तीन संध्याकाळी ती तीनदा उघडली. दाढी लावली, खांदे रुंद केले, तुझा माणूस जसाच्या तसा उभा केला. गेम विचारतो, "नक्की?" तीनही वेळा मी "नाही" दाबलं. एवढ्या वेळा "नाही" मी जन्मात कुणाला म्हटलेलं नाही.

तेव्हा आता तू ठरव. कुपी थैलीत आहे, वरच्या ओळीत. ती वापरलीस तर दाढीवाला परत येईल, आणि सोळाला मी त्यावर चकार शब्द काढणार नाही. पण वैद्यबाईला कायमचं पुसून टाकावं असं मनात आलं, तर गेम एका बोटाने पुसू देत नाही. तिचं नाव स्वतःच्या हाताने, अक्षर अक्षर लिहावं लागतं. ते नाव मी या पत्रात अजून कुठेच लिहिलेलं नाही. लपवूनही उपयोग नाही, आत गेलास की तिच्या डोक्यावर दिसेलच. पण पडद्यावर दिसण्याआधी ते तू माझ्या अक्षरात वाचावंस.

नाव नवं नाही. लहानपणी संध्याकाळी दिवे गेले की मी किंचाळायचो, आणि तू त्या नावाने हाक मारून माझा हात शोधायचास. पुढे सगळ्या गल्लीने ते चिडवायला घेतलं, तूही घेतलंस. पण अंधारात तू ते तसं म्हणायचा नाहीस.

पासवर्ड पत्राच्या पाठीमागे लिहिला आहे. सोळाला जिन्यात आलास की त्याच नावाने हाक मार. गल्लीतल्यासारखी मारतोस की अंधारातल्यासारखी, त्यावरून मला कळेल. दिवा चालू ठेवतो.

तुझी
टिटवी