दगडातली मूठभर ज्वारी

१४ मार्च, नांदेड
आक्काची गिरणी बंदच. मोटर जळालेली नाही, पण उचलत नाही. सकाळी मिस्त्री सलीमभाईंनी लातूरहून फोनवर सांगितलं. रस्तारुंदीत बाजारातलं दुकान गेलं, तेव्हा आक्काने गिरणी रेणापुरात घरी आणून बसवली. घरात सिंगल फेज वीज. मोटर आमच्या वडिलांच्या, दादांच्या वेळची, थ्री फेजची. सलीमभाईंनी कंडेन्सर लावून दिला होता. बसवली त्या दुपारी चालवून पाहिली तेव्हा छान पळाली. सकाळी मात्र नुसती गुरगुरते. दोन कंडेन्सर गेले.
जळकोटचा एकजण गिरणी विकत मागतोय. आक्का फोनवर म्हणाली, "रविवारी त्याला बोलावलंय. तवर चालली तर ठीक, न्हाई तर दिऊन टाकते." पस्तीस वर्षं तिने एकटीने चालवली. इतक्या सहज म्हणाली की मी उद्याच निघायचं ठरवलं.

१५ मार्च
एसटीत सारखे दादा आठवत होते. पडत्या पिठाची चिमूट बोटांत चोळायचे आणि न बघता सांगायचे, दगड टाकीला आलाय, पुन्हा खाचा पाडायला हव्यात. त्यांच्या पापण्या कायम पांढऱ्या. माझं दप्तर झटकलं की पुढच्या बाकावरची पोरं खोकायची. मास्तर म्हणायचे, आला गिरणीवाला. तेव्हा लाज वाटायची.
आता ते दप्तर कुठं असेल

१६ मार्च, रेणापूर
सलीमभाई सकाळीच आले. आक्काला म्हणाले, "आपा, रोज सुरू करता तसं करा. मी नुसतं बघतो."
तिने बटण दाबलं. गुरगुर. सलीमभाईंनी लगेच बंद केलं, पट्टा काढला. नुसती मोटर पळाली. मग दगड हाताने फिरवून पाहिला. हलेना. वरचा दगड उचलला तर खाली मूठभर ज्वारी.
"ही कोणी ठेवली?"
"मीच. रातच्याला दगड उपाशी ठेवायचा न्हाई. दादा ठेवायचे."
"आपा, थ्री फेजला जोर होता, ती चिरडून निघायची. कंडेन्सरवर सुरुवातीला तेवढा दम नसतो. बसवली तेव्हा दगड रिकामा होता, म्हणून पळाली. दोन कंडेन्सर खाल्ले तुमच्या मुठीनं, अन् तुम्ही आज सांगून राहिलात."
"तू कधी इचारलंस?"
मीही विसरलो होतो. गिरणी बंद करताना दादा ती मूठ टाकून दगड आवळायचे, तेव्हा दिवा मी धरायचो.

संध्याकाळ
सलीमभाईंचं म्हणणं : दगड सैल ठेवून सुरू करायचं, वेग आला की आवळायचं, मग दाणे सोडायचे. मूठ ठेवायचीच तर दाणे ओततात त्या वरच्या डब्यात, झडप लावून. ताकद पहिल्यापेक्षा कमीच राहणार, तेव्हा दाणेही कमी सोडायचे.
आक्का : "डब्यात ठेवलेलं दगडाला कसं पोचंल?"
सलीमभाई हसले नाहीत. म्हणाले, "माझे अब्बाबी हातोडी उघड्यावर ठेवू द्यायचे न्हाईत. असा रिवाज मला ठाव हाय."
ती दगडापाशी बसली. मग मूठ उचलून डब्यात टाकली. चेहरा बघितला नाही मी.

१७ मार्च, शनिवार
दोन पायल्या घरचीच ज्वारी दळली. मोटर कोमट. आक्काने पिठाची चिमूट चोळली.
उद्या बाजार. आठला पहिली गिऱ्हाइकं येतील, दहाला जळकोटचा माणूस टेम्पो घेऊन. सलीमभाई म्हणतात, सलग दोन तास चालू दे, मोटर तापते की नाही तेव्हाच कळेल. आक्काने जळकोटच्या माणसाला येऊ नको असं अजून कळवलेलं नाही.