श्वास सोडून घेतलेलं माप

सोमवार, ३ नोव्हेंबर

ड्रेस ठरला! बाटलीसारखा गडद हिरवा, पायघोळ अनारकली, गळ्याला बारीक जरी. साडी नाही म्हणजे नाही. पहिल्या लग्नात शालू इतका आवळून नेसवला होता की अनिरुद्धला घास भरवताना मलाच उचकी लागली. सगळ्या फोटोंत माझे डोळे बाहेर आलेले. आता एकोणपन्नासाव्या वर्षी तरी सुखाने उभी राहीन म्हणते.

दुकानात जायची हिंमत नाही. दुकानदार हमखास विचारणार, 'मुलीचं लग्न का, मॅडम?' म्हणून ऑनलाइन. साइटवाले मापाने शिवून देतात. कापड एकदा कापलं की परत घेत नाहीत. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय — माप स्वतः घेऊ नका, घरातल्या कोणाची तरी मदत घ्या.

घरात कोण? मी आणि आई. सासूला काय सांगू — आई, तुमचा मुलगा जाऊन आठ वर्षं झाली, मी आता दुसरं लग्न करतेय, हात वर करते, जरा टेप धरा?

मदत कॅन्सल. स्वतःच घेणार.

बुधवार, ५ नोव्हेंबर

घरात टेप नाही. परकराची नाडी कमरेला गुंडाळली, गाठ मारली, मग माझ्या पतपेढीतल्या टेबलावरून आणलेल्या छोट्या पट्टीने नाडी मोजली. नाडी ताणली की एक आकडा, सोडली की दुसरा. छाती सदतीस, मग त्रेचाळीस, मग परत सदतीस. दहा मिनिटांत एवढी फुगणारी आणि ओसरणारी बाई मुंबईत दुसरी नसेल.

संध्याकाळी कामावरून येताना टेप घेऊन आले. कंबर मोजली, शहाण्णव! तसंच भरून टाकलं. साइटवर लाल अक्षरं आली, 'कृपया पुन्हा तपासा.' मग कळलं, मी सेंटिमीटरच्या बाजूने वाचत होते. त्या मशीनला काय वाटलं असेल माझ्याबद्दल!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चंद्रप्रकाशचा फोन. ते विचारतात, 'आईंना सांगितलंत?' मी म्हटलं, 'माप झालं की सांगते.' ते म्हणाले, 'मापाचा आणि आईंचा काय संबंध?' पुरुषांना काही समजावण्यात अर्थ नाही.

त्यांची ओळख आईंमुळेच झाली. दोन वर्षांपूर्वी आईंसाठी कानाचं मशीन घ्यायला मालाडला त्यांच्या दुकानात गेलो होतो. आईंना मशीन बसलं आणि मला — जाऊ दे. बायको जाऊन त्यांनाही बरीच वर्षं झालीत. शांत माणूस. माझं बोलणं मध्ये तोडत नाही. मी तोडते.

आई दुपारी पडताना मशीन काढून डबीत ठेवतात. सुट्टी असली की माझं आणि चंद्रप्रकाशचं फोनवर बोलणं तेव्हाच होतं. मोठ्याने बोलले तरी चालतं, ही एक सोय!

बाकी सगळं ठरलंय. एकोणीस डिसेंबर, वांद्र्याला रजिस्टर लग्न, मग मी मालाडला. आणि आई? चंद्रप्रकाश म्हणतात, त्यांनाही घेऊन या. पण आई कांजूरमार्ग सोडून कणकवलीला स्वतःच्या भावाकडेसुद्धा चार दिवस राहत नाहीत. एकट्या कशा राहतील? गोळ्या कोण देणार? हे मनात आलं की मी परत टेप हातात घेते. कंबर मोजणं सोपं आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

खांद्याचं माप एकटीने घेता येत नाही. लिहून ठेवते, पुन्हा मूर्खपणा नको. टेपचं एक टोक डाव्या खांद्याला चिकटपट्टीने चिकटवलं, दुसरं उजव्या हाताने मागून ओढत होते — तेवढ्यात बेल! दार उघडलं तर आमचा वॉचमन खंडू, पाण्याच्या टाकीची नोटीस घेऊन. माझ्या पाठीवर टेप लोंबतोय, खांद्याला चिकटपट्टी. तो म्हणाला, 'ताई, काय लागलंय का?' मी म्हटलं, 'हो, खांदा दुखतोय.' बिचारा खाली जाऊन मलम घेऊन आला.

रविवार, ९ नोव्हेंबर

शेवटी समोरच्या गंधालीला धरलं. कॉलेजात जाते, हात हलके. सांगितलं, पतपेढीच्या वार्षिक समारंभात नाटक आहे, त्याचा ड्रेस शिवायचाय.

'काकू, तुमचा रोल काय?'

'राणी.'

'राजा कोण आहे?'

'मालाडचे आहेत एक.' — जीभ!!

मुलीने माप झकास घेतलं, पण मीच घोटाळा केला. ती कमरेशी आली की पोट आत. छातीशी आली की छाती बाहेर. कंबर चौतीस भरली. तिच्या घरातून बाहेर पडून श्वास सोडला तर सलवारची नाडी कचकन रुतली.

सोमवार, १० नोव्हेंबर

वाट लागली. गंधालीने अख्ख्या मजल्याला सांगितलं. नाटकाचे पास मागायला तिघीजणी येऊन गेल्या. एकीने विचारलं, गाणी आहेत का?

बुधवार, १२ नोव्हेंबर

शनिवारपर्यंत ऑर्डर गेली नाही तर ड्रेस वेळेवर येत नाही. आज उंची. साइट म्हणते, त्या दिवशी घालाल त्याच चपला घालून मोजा. उंच टाचेच्या चपला माझ्याकडे नाहीत, म्हणून पाट घेतला आणि त्यावर उभी राहिले. एक टोक पाटाखाली दाबलेलं, दुसरं खांद्यावर. आरशात बघत होते तर मागे आई!

'पाटावर कित्याक उभी रवलंस गो? लगीन ठरला काय?'

मी हसले. खूप मोठ्याने हसले. आई हसल्या नाहीत. 'पाट धुवन ठेव,' म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मस्करी होती का ती?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

झालं ते सगळं लिहून काढते.

आज सुट्टी टाकली होती. दुपारी आई पडल्या होत्या. मी चंद्रप्रकाशना फोनवर सांगत होते, 'चौतीसच टाकते, महिन्याभरात होईन बारीक.' फोन ठेवून वळले तर आई पलंगावर उठून बसलेल्या.

'चौतीस? तुझी कंबर? लग्नात फाटतला ता.'

माझी नजर उशाजवळच्या डबीकडे गेली. 'आई... तुमचं मशीन...?'

'मशीन कानातच असता. डबी बंद असता, इतक्याच.' मग म्हणाल्या, 'तेनी दिलेला मशीन बरा चालता. तुम्ही दोघां काय काय बोलतास, माका सगळा ऐकाक येता.'

देवा! काय काय बोललोय आम्ही! आईंच्या घोरण्याची नक्कलसुद्धा करून दाखवली होती मी!

मी रडायला लागले. माफ करा म्हणाले, सांगणारच होते म्हणाले. आईंनी हात पुढे केला. 'टेप हाड.'

उभं केलं मला. ओढणी काढायला लावली. कमरेशी टेप आला, मी सवयीने पोट आत घेतलं. त्यांनी चापट मारली. 'स्वास सोड! लग्नात काय स्वास धरून रवतलंस?'

सोडला. अडतीस. आईंनी मोठ्याने वाचलं, जसं काही बक्षीस मिळालंय. छाती चाळीस. दंड तेरा. एकही आकडा त्यांनी कमी केला नाही आणि मलाही करू दिला नाही. खांद्याचं माप घेताना मागे त्यांचे हात थांबले. बराच वेळ. मी वळायला गेले तर म्हणाल्या, 'हलू नको गो, माप चुकतला.'

मी मालाडला जाणार, त्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. मीही काढलं नाही. डरपोक!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ऑर्डर गेली. अडतीस!

बुधवार, ३ डिसेंबर

ड्रेस आला! आईंनी कात्री घेऊन स्वतः पाकीट फोडलं. घालून बघितला. कुठे ओढत नाही, कुठे लोंबत नाही. गिरकी घेतली तर घेर टीपॉयवरचा चहाचा कप घेऊन गेला. आई म्हणाल्या, 'बरी दिसतंस.' त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं. मग नजर लागू नये म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. गंधाली डोकावली, ओरडली, 'काकू, एकदम राणी!' तिलाही खरं सांगून टाकलं. ती आधी नाटकासाठी हळहळली, मग मिठी मारली.

सगळे खूश. मला मात्र संध्याकाळी आईंच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरताना कसंतरी झालं. एकोणीसनंतर कोण भरणार?

रविवार, ७ डिसेंबर

मी आंघोळीला गेले आणि आईंनी चंद्रप्रकाशना फोन लावला. माझ्या फोनवरून! बाहेर आले तेव्हा बोलणं संपत आलं होतं. मालाडची खोली भाड्याने द्यायची, कपडे आणि अंथरूण घेऊन इकडे यायचं, असं ठरवून टाकलंय त्यांनी. मला कोणी विचारलंही नाही. शेवटचा प्रश्न तेवढा ऐकला — 'बांगडे साफ करूक येतत काय?'

येतात म्हणे.

मी कुठेच जाणार नाहीये! एकोणीसला नवराच माप ओलांडून आमच्या घरात येणार, आणि त्याला ओवाळणार आई.

नवरा नवा. सासू तीच!